टेपबाईचा दर

गिऱ्हाईक नावाच्या प्राण्याबद्दल टेपबाईच्या मनात तीळभरही आदर नव्हता. भिंत हिरवी होऊन काळी पडली तरी ज्यांच्या डोळ्यांना काही दिसत नाही, त्यांना बिलावरचा आकडा मात्र चष्म्याशिवाय दिसतो, असं ती म्हणायची. तेही मनातल्या मनात नव्हे. गिऱ्हाइकाच्या दारातून बाहेर पडता पडता, त्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

टेपबाई हे नाव तिला धंद्यातल्या लोकांनी ठेवलं होतं. सासरचा धंदा मशीनच्या जोरदार पाण्याने घरं, अंगणं, दुकानांपुढच्या फरश्या धुऊन देण्याचा. सासऱ्यांनी तो उभा केला, नवरा मशीन चालवायचा आणि धाकटा दीर संबंध सांभाळायचा. संबंध सांभाळणं म्हणजे लोकांच्या सोफ्यावर बसून चहा ढोसणं आणि त्यांच्या पडद्यांचं कौतुक करणं. उरलेलं सगळं, म्हणजे जागा बघून दर ठरवणं, बिल करणं आणि पैसे वसूल करणं, हे टेपबाईच्या अंगावर होतं. कुणाकडेही गेली की बसायच्या आधी ती पर्समधून मोजायची लोखंडी टेप काढायची.

ती यायच्या आधी या घरात दर तोंड बघून लागायचा. सासरे फाटकाशी उभे राहायचे, आत गाडी कुठली आहे ते बघायचे, मालकाच्या पायातल्या चपला बघायचे आणि एक आकडा हवेत फेकायचे. समोरचा दचकला की थोडा खाली आणायचे, नाही दचकला की "पाण्याचे वेगळे" म्हणून पुस्ती जोडायचे. याला ते अनुभव म्हणत. टेपबाईने हे सगळं मोडीत काढलं. सपाट फरशीला चौरस फुटामागे एक दर, भिंतीला दुसरा. शिडी लावावी लागली तर तिचे वेगळे, तेलाच्या डागांचे वेगळे, टँकर आपला असेल तर त्याचे वेगळे. बिलात प्रत्येक गोष्ट आपापल्या ओळीत. टपरीवाल्याला जो दर, तोच बंगलेवाल्याला.

लोकांना हे मुळीच आवडलं नाही. टेपशी घासाघीस कशी करणार? तरी करायचेच. एका डॉक्टरांनी गाडीखालची जागा मोजायला हरकत घेतली, का तर ती दिसत नाही. "मग गाडी तिथेच राहू दे, आम्ही भोवतीनं धुतो," ती म्हणाली. एक बेकरीवाला म्हणाला, "बाई, शेवटी पाणीच तर मारता तुम्ही." "मग घ्या बादली आणि मारा की," ती म्हणाली आणि चालू लागली. पुढच्या आठवड्यात तो निमूट आगाऊ रक्कम घेऊन आला. नाकं मुरडत का होईना, लोक पैसे द्यायचे, कारण त्या बिलात बोट ठेवायला जागा नसायची.

"वहिनी, तुम्ही माणसं तोडता," दीर म्हणायचा.

"भाऊजी, तुम्ही जोडलेली माणसं अजून मागच्या वर्षीच्या बिलासाठी मला हेलपाटे घालायला लावतायत."

दीर हसायचा. त्याला काहीही लागायचं नाही, इतका तो निगरगट्ट होता.

अशात गावाबाहेरच्या नव्या वसाहतीचं काम निघालं. ओळीने इमारती, गाड्या लावायच्या जागा, बागेतले रस्ते, सगळं वर्षभर धुवायचं. सासऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "तुम्हा दोघांच्या रोजच्या कटकटीनं माझं डोकं उठलंय. हे काम जो आणेल, त्याच्या हातात दर. दुसऱ्यानं मुकाट्यानं ऐकायचं."

दिराने मान डोलावली. टेपबाईने भाताचा घास तसाच धरून ठेवला. त्या घरात तिचं असं काही नव्हतंच. स्वयंपाकघर सासूचं होतं, नवरा ज्याने हाक मारली त्याचा होता. दर तेवढे तिचे होते. ते गेले तर ती या घरात फक्त भांडी उचलणारी उरणार होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी तिला वसाहतीच्या अध्यक्षांनी घरी बोलावलं. वसाहतीचं नंतर बघू, आधी माझ्या अंगणाचा दर सांगा, असा निरोप होता.

अंगण बघून टेपबाई फाटकातच थांबली. शेवाळाने काळवंडलेली लांबरुंद फरशी, आणि तिच्यात ठिकठिकाणी धुतलेले चौकोन. या धंद्यात एक रिवाज आहे. काम मिळण्याआधी एखाद्या कोपऱ्यात हातभर जागा फुकट धुऊन दाखवायची. त्याला नमुना म्हणतात. तेवढा तुकडा उजळला की बाकीची घाण मालकाला खुपायला लागते आणि तो होकार देऊन मोकळा होतो. अध्यक्षांना काही खुपत नव्हतं. त्यांनी गावातल्या एकूण एक धुणाऱ्याला बोलावलं होतं आणि प्रत्येकाला नवी जागा दाखवली होती. एकाला नळाजवळची, एकाला झोपाळ्याखालची, एकाला तुळशीवृंदावनाजवळची. काम कुणालाच दिलं नव्हतं. फुकटच्या चौकोनांनी अंगण भरून काढायचा हा उद्योग एका शिकल्यासवरलेल्या, निवृत्त, पेन्शन खाणाऱ्या माणसाने चालवला होता.

कुठला चौकोन कुणाचा, हे तिला बघताक्षणी कळलं. पट्टे उमटलेला त्या धसमुसळ्या स्वस्तवाल्याचा. पांढराफटक पडलेला, नको तितकं औषध ओतणाऱ्याचा. फाटकाजवळचा सरळ कडांचा, नेटका चौकोन लाल गाडीवाल्याचा. गावात तिच्या तोडीचं काम करणारा तेवढा एकच होता.

अध्यक्ष व्हरांड्यात, उशी घातलेल्या खुर्चीत बसले होते. "या बाई. मशीन आणलंय ना? त्या पायऱ्यांखालचं राहिलंय… म्हणजे तिथे जरा नमुना दाखवा."

"नमुने भरपूर दिसतायत तुमच्याकडे. आणखी थोडे मागवलेत की अंगण पुरं होईल."

अध्यक्ष मनापासून हसले. लाज ही वस्तू त्यांनी निवृत्त होतानाच कार्यालयात जमा केली असावी.

टेपबाईने अंगण मोजलं आणि दर लिहून कागद त्यांच्या हातात दिला. तो एवढ्या अंगणाच्या नेहमीच्या दरापेक्षा जास्त होता. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. "जास्त कसा? इतकी जागा तर आधीच स्वच्छ आहे."

"म्हणूनच. प्रत्येकानं वेगळ्या जोरानं धुतलंय. ते एकसारखं दिसायचं तर सगळं पुन्हा हलक्या हातानं काढावं लागेल. लोकांनी अर्धवट करून ठेवलेलं निस्तरायला जास्त लागतात."

"वसाहतीचं काम माझ्या सहीनं जाणार आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. म्हणून तर इतकं गोड बोलतेय."

घरी तिने सगळं सांगितलं. सासरे करवादले. दीर काडीने दात कोरत ऐकत होता आणि एकदाही मध्ये बोलला नाही. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

त्याच आठवड्यात ती एका वसुलीहून परत येत होती. अध्यक्षांच्या फाटकासमोर तिला घरचाच टेम्पो उभा दिसला. आत नवरा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात पाइप, आणि अख्खं अंगण एकसारखं लख्ख. पायऱ्याही, कुंपणाची भिंतही. व्हरांड्यात दीर अध्यक्षांच्या शेजारी कप घेऊन बसला होता.

"अहो, हे काय चाललंय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"भाऊ म्हणाला पाइप धर. धरला." नवऱ्याने मशीन बंदसुद्धा केलं नाही. त्याच्या सबंध आयुष्याचा गोषवारा त्या वाक्यात मावत होता.

दीर उठून आला. "वहिनी, रागावू नका. हा नमुना आहे."

"अख्ख्या अंगणाचा?"

"मोठ्या कामाचा नमुना मोठाच असायला हवा. तुम्हाला नाही कळायचं ते. याला माणूस ओळखता यावा लागतो."

माणूस त्याने ओळखला होता की माणसाने त्याला, हे वसाहतीच्या समितीच्या कार्यालयात कळलं. अध्यक्षांनी तिघांनाही बोलावून घेतलं, सासऱ्यांना, दिराला आणि तिला. पंख्याखाली फाइल उघडून ते फार प्रेमाने बोलले.

"काम तुम्हालाच द्यायचं ठरवलंय. आता दराचं. माझं एवढं अंगण तुम्ही एक पैसा न घेता धुतलंत. पाणी माझ्या नळाचं, वीज माझ्या घरची वापरलीत. म्हणजे पाणी आणि वीज मिळाली की तुम्हाला काही खर्च येत नाही, हे तुम्हीच दाखवून दिलंत. तर पाणी-वीज आमची. वर टेम्पोच्या इंधनाचे आणि चहापाण्याचे थोडेफार देऊ. ठीक आहे ना?"

दिराचं तोंड उघडं राहिलं. फुकट दिलेलं कामच त्या माणसाने दर म्हणून धरलं होतं. टेपबाईला हसू फुटायचंच बाकी होतं. आता तरी म्हाताऱ्याचे डोळे उघडतील, असं तिला वाटलं. ती सासऱ्यांकडे वळली.

सासरे फाइलमध्ये बघत होते. "पाटी लावता येईल का फाटकावर? आमच्या नावाची?"

"हो तर. मोठी लावा."

"बाबा!" टेपबाई उभी राहिली. "यात माणसांची मजुरीसुद्धा सुटत नाही. मशीन झिजेल ते वेगळंच. पाटी काय चाटायची आहे?"

"खाली बस. मोठ्या लोकांपुढे काय बोलतेस?" आणि सासऱ्यांनी सही केली. मालकाच्या चपला बघून आकडा फेकणारा तो माणूस. समोरच्याच्या पायात भारी बूट दिसले, तर त्याने आकडाच गिळून टाकला.

घरी आल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे निकाल सांगितला. काम धाकट्याने आणलं, तेव्हा दर यापुढे धाकटा ठरवेल.

"आणि मी काय करायचं?"

"तू बिलं लिही की. तो सांगेल तो आकडा घालायचा."

"ठीक आहे. मग माझा पगार ठरवा."

सासऱ्यांना आधी ती थट्टा वाटली. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं सूनबाई, घरचं माणूस तू. तुला कसला पगार? इतकी वर्षं केलंस, कधी एक पैसा मागितलास का?"

ऐकलं आणि टेपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सासऱ्यांवर संतापली, पण त्याहून जास्त स्वतःवर. लग्न होऊन आली तेव्हा सासरे म्हणाले होते, कारकून मिळेपर्यंत चार दिवस बिलं बघतेस का? ती नवी होती, शहाणी सून म्हणवून घ्यायची हौस होती. बघितली. छान बघितली, नेटकी बघितली, सगळ्यांनी कौतुक केलं. मग कारकून कुणी शोधलाच नाही. कशाला शोधतील? गावभर लोकांच्या फुकटेपणावर थुंकत फिरणारी ही बाई, आणि हिच्याच घरात तिला इतकी वर्षं फुकट वापरत होते. दिराने दिलं ते एक अंगण. तिने काय काय देऊन ठेवलं होतं! त्या मूर्खापेक्षा आपण किती मोठ्या मूर्ख, हे तिला आज कळलं आणि तिला स्वतःची किळस आली.

तिने बिलांचा गठ्ठा दिराच्या पुढ्यात टाकला. "भाऊजी, आता लिहा तुम्हीच."

"मला कुठे येतं ते, वहिनी?"

"माणूस ओळखता येतो ना? पुरे आहे तेवढं."

नवरा दारात उभा होता. तो काही म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली. तो म्हणाला, "जेवायचं काय?" ती त्याच्या बाजूने निघून गच्चीवर गेली आणि लाल गाडीवाल्याला फोन लावला.

"टेपबाई बोलतेय."

"बोला बाई! आज आमची आठवण?"

"दर लावायला आणि बिलं करायला माणूस हवंय का तुमच्याकडे?"

"तुम्ही येणार? हवंय की. तिकडे काय मिळत होतं तुम्हाला?"

गावातल्या कुठल्याही भिंतीचा, कुठल्याही गच्चीचा दर तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने सांगितला असता. स्वतःचा तिने कधी लावलाच नव्हता. खरं सांगितलं असतं तर तिचं तिथेच मातेरं झालं असतं, कारण काहीच मिळत नव्हतं म्हणणाऱ्या बाईला कुणी किती देणार? तिने घाईघाईने लाल गाडीवाल्याचा नवा टेम्पो आठवला, त्याचं रस्त्यावरचं दुकान आठवलं, आणि जन्मात पहिल्यांदा न मोजता, सासऱ्यांसारखा, एक आकडा हवेत फेकला. तो तोंडातून निघाला तेव्हा तिचे कान गरम झाले, इतका तिला तो मोठा वाटला.

"चालेल," लाल गाडीवाला लगेच म्हणाला. "सोमवारपासून या."

फोन बंद झाला. टेपबाई गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. पगार ठरला होता आणि आता पैशासाठी घरात कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, तरी तिला आनंद होईना. तो माणूस कुरकुरला नव्हता, त्याने उसासा टाकला नव्हता, "जरा बघा ना, बाई" म्हणाला नव्हता. दर ऐकताच जो एका श्वासात हो म्हणतो, त्याने मनात याहून बराच मोठा आकडा धरलेला असतो. हे या गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. टेपबाईने स्वतःला कमी दरात विकलं होतं.