ड्रायसूटच्या पायातली ओल

आमच्या आशयनं जन्मात स्वतःचा टॉवेल पिळला नाही. ओला तसाच पलंगावर फेके. आता बायकोचा रबरी सूट मात्र असा पुसून राहिला, जसं नवसाचं लेकरू.

सून गंधाली हिंदी मुलखातली, पाण्यात बुडी मारायची नोकरी करते. गावाजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या टाक्यांत उतरून पाइप तपासते. ते घाण पाणी अंगाले लागू नये म्हणून हा ड्रायसूट. मानेपासून तळपायापर्यंत एकसंध, बूटही त्यालेच जोडलेले. पाणी आत शिरत नाही, पण घामही बाहेर पडत नाही.

ती आली की आशय सूट धुतो, सावलीत टांगतो, उलटा करून आतली बाजू वाळवतो, गळ्याच्या रबराले पावडर लावतो. भर मे महिन्यात माह्या खोलीतला टेबल पंखाही त्याच्यासाठी नेला. माही गोधडी वाळत टाक म्हटलं, तर म्हणे, "आई, ऊन आहे ना, सुकेल आपोआप." अन् याचे वडील, यशवंतराव! पाऊस आला की दोरीवरचा स्वतःचा सदरा तेवढा आत आणायचे. माहं लुगडं भिजू द्यायचे.

रविवारी सोमवारच्या कामाची बॅग भरताना गंधालीनं सूट हुंगला.

"आशय, फिर वही बास! पहनते ही जी मिचलाता है. कल से ये ऑफिस में रहेगा, अनिमेष भैया सँभाल लेंगे."

आशयचं तोंड उतरलं. "इतकं तर करून राहिलो मी."

मले खरं तर पेढे वाटाले पाहिजे होते. सूट जाईल, पंखा परत येईल. पण वास आमच्या घरचा, अन् काढणार कोण, तर तिच्या ऑफिसातला अनिमेष? म्हटलं, "सरका!"

सुटाच्या पायात खांद्यापर्यंत हात घातला. लोणच्याची बरणी भरायच्या आधी मी तळाले हात फिरवते. वरून कोरडी दिसते, नास तळातून होतो. बुटाच्या टोकातून बोटं ओली आली. आशयच्या नाकाखाली धरली.

"पण आई, फोनवरच्या व्हिडिओत तर असंच..."

"फोनले हात आहे काय?"

पोट्टा सूट गुडघ्यापर्यंतच उलटा करे, बूट तसेच. वरून खांद्याले टांगे, मग सारी ओल खाली बुटात. त्याच्याकडून आतून धुववला, पाय वर करून टांगाले लावला. माह्या जुन्या सुती लुगड्याचे बोळे बुटांत कोंबले, ओले झाले की बदलले. संध्याकाळी हात घातला, तर खडखडीत कोरडं.

गंधालीनं हुंगलं. "अरे वा, बिलकुल बास नहीं. यहीं रहने दो इसे." अन् हसून पाहिलं कोणाकडं? आशयकडं! लुगडं माहं फाटलं, हसू त्याले.

तोही दात काढून राहिला. मग मी म्हटलंच, "आशय, बायकोचा चाकर झाला तू. हे मले पसंत नाही, पडणारही नाही. पण माह्या पोटचा असून कामात कच्चा? ते तर मी मुळीच खपवून घेणार नाही. जा, पंखा माह्या खोलीत ठेव, अन् ती गोधडी घे वाळत टाकाले."