फळ्यावरचा खोटा आकडा

मित्रांनो, पेठच्या डोंगरातल्या एका शाळेच्या अडगळीत, भिंतीला पाठ लावून उभा असलेला जुना लाकडी फळा तो मी.

१९९२ साली सातपूरच्या एका लहान कारखान्यात गोटीराम मिस्त्रींनी मला घडवले. चार सागवानी फळ्या खोबणीत बसवल्या, मागे दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, पॉलिशपेपरने घासून काळ्या रंगाचे तीन हात दिले. शेवटी वरच्या कोपऱ्यात पांढरी चौकट आखून तिच्यात ‘पट’ आणि ‘हजर’ असे दोन शब्द रंगवले. त्यांच्यापुढे रोज खडूने लिहिले जाणारे आकडे खरेच असतील, असे त्यांनी गृहीत धरले होते. मीही.

२००३ च्या जूनमध्ये तृप्तीबाई शिक्षणसेवक म्हणून आल्या. पहिलीच नोकरी, तीही तीन वर्षांच्या मुदतीची. पहिल्या दिवशी त्यांनी इतक्या जोराने लिहिले की खडू तीनदा मोडला. मुले हसली; बाई आधी रडवेल्या झाल्या, मग त्याही हसल्या. मुलांची बोली त्यांना कळेना, तेव्हा चौथीतली मीना त्यांची दुभाषी झाली.

दिवाळी सरली आणि ओझरकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जाणाऱ्या घरांचा पहिला ट्रक भरून गेला. पट चौतीस, हजर एकोणीस. बाईंनी तसे लिहिले. मुख्याध्यापक चिमाजी गुरुजी दारातच थबकले.

“बाई, हे काय लिहिलंत?”

“जेवढी आहेत तेवढी, गुरुजी.”

“आकडा घसरला की एक शिक्षक कमी होतो. आणि शेवटी आलेला आधी जातो, एवढं लक्षात ठेवा. तेहतीस लिहा. हजेरीपटातही तसंच.”

बाईंनी एकोणीस पुसले. तेहतीस लिहिताना मात्र खडू मोडला नाही. इतका हलका हात त्यांचा मी प्रथमच अनुभवला.

मजुरीला जाणाऱ्यांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृह मिळणार, अशी तेव्हा चर्चा होती. मीनाचे घर दुसऱ्या ट्रकने निघणार होते. ती रोज विचारी, “बाई, वसतिगृह व्हनार ना? आई म्हनते, झालं तं ऱ्हा. नाय तं बाळाला सांभाळाया चल.”

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर वसतिगृहाच्या पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. वर्ग रिकामा होता. त्यांनी माझा कोपरा वाचला, हजेरीपट ताडून पाहिला आणि म्हणाले, “वा! इथं तर सगळी मुलं येतात. मग वसतिगृह कशाला? दुसऱ्या गावाला देऊ.”

तृप्तीबाईंचे ओठ हलले. गुरुजींनी चहा पुढे केला. बाईंनी कप उचलला. मी तर लाकूडच, बोलणार कसा? पण साहेबांचा विश्वास बसला तो माझ्या अंगावरच्या अक्षरांवर. हे ओझे आजही उतरलेले नाही. सोमवारी मीना ट्रकमध्ये बसून गेली.

शिमग्याला ती परतली, वर्गात आली आणि हजेरीपटात डोकावली.

“बाई, मी तं बागंवर होते. मंग मला रोज हजर कोनी केलं?”

मागून कोणीतरी ओरडले, “तुझ्या भुतानं!” सारे हसले. मीना हसली नाही. बाई पाठमोऱ्या झाल्या आणि कोरड्या फडक्याने मला पुसत राहिल्या. माझ्यावर पुसण्यासारखे काहीच नव्हते.

त्याच आठवड्यात बाईंनी साहेबांना पत्र लिहून सगळे कबूल केले. गुरुजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. नोकरी जाणार, असेच सारे धरून चालले होते. ती गेली नाही. पुढच्या दिवाळीनंतर खरा आकडा बघून गावाला वसतिगृहही मिळाले.

वसतिगृह उघडले त्या दिवशी, जूनपासून शाळा सुटलेली मीना धाकट्या भावाला, पुंजाला, हाताला धरून घेऊन आली.

“तूही राहा ना, मीना,” बाई म्हणाल्या.

“मी ऱ्हायले तं बाळाला कोन पाहील? आन् शाळंची सवय बी गेली आता. ह्याला शिकवा, बाई. ह्यो नाय आला, तं नाय आला म्हनूनच लिव्हा.”

बाहेर ट्रकने भोंगा दिला आणि ती पळाली. त्या दिवशीचा माझा आकडा अगदी खरा होता. फक्त मीना आता पटावरच नव्हती.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असा कोपरा असेल. सकाळी एकदा तुम्हीही डोकी मोजा. शेजारचा आला नसेल तर बाईंना सांगा. त्याला कुणीतरी शोधावे, म्हणून तरी त्याची गैरहजेरी खरी लिहिली गेली पाहिजे.