पत्रिकेवरचं नाव

"हे आधार कुणाचं उचलून आणलंस?" संपत कोळपेनं विचारलं.

"माझंच हाय."

कार्ड सम्राटच्या टेबलावर होतं. दौंड स्टेशनजवळ, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माळ्यावर सम्राटचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. त्या दोन खुर्च्यांवर नवरा-बायको बसले होते. कार्डावरचा फोटो तिचाच होता. नाव होतं, सोजरा संपत कोळपे.

"काका, तुम्ही फोनवर ललिता सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं," सम्राट म्हणाला.

"ललिताच हाय की. गल्लीत कुणालाबी इचार."

"बोटीवर गल्लीला न्हाई विचारत काका. आधार बघत्यात."

सोमवार होता. जहाज शुक्रवारी दुपारी मुंबईहून सुटणार होतं. सम्राटनं कंपनीला फोन लावला. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत तो दहा मिनिटं बोलला. मग फोन ठेवून म्हणाला, "किरकोळ चूक असती तर तिथंच दुरुस्त केली असती. हे पूर्ण नावच येगळं हाय. नवीन बुकिंग करावं तर बोट फुल्ल झालीय. पण एक रस्ता हाय. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून द्या. नोटरीचा शिक्का मारून उद्या संध्याकाळपर्यंत मला पाठवा. चालंल म्हणाले."

"मग झालं तर," संपत म्हणाला. "मी तर घाबरलोच." आणि तो हसला. बायको हसली नाही. तिनं कार्ड उचललं, पदराला पुसलं आणि पर्समध्ये ठेवलं.

या सफरीची तयारी दोन महिने चालली होती. संपत तीस वर्षं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. तीन पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या. प्लांटमधल्या साडेतीनशे व्हॉल्व्हचे नंबर त्याला तोंडपाठ होते. अंधारात हात लावून तो कुठला ते सांगायचा. डिसेंबरमध्ये निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात एकानं विचारलं, आता वहिनींना कुठं नेणार? संपत घरी येऊन म्हणाला, "बोल, कुठं जायचं?"

तिनं विचार करायला वेळ घेतला नाही. "बोटीत," ती म्हणाली.

संपतला आधी वाटलं, ती उजनीच्या बोटीबद्दल बोलतेय. मग कारेगावला राहणाऱ्या मुलीनं, धनश्रीनं, व्हिडिओ पाठवले. अकरा मजल्यांचं जहाज, त्यावर पोहायचा तलाव, जेवणाच्या टेबलावर कापलेलं कलिंगड, मोरासारखं. संपत ते व्हिडिओ कंपनीतल्या जुन्या दोस्तांना पाठवू लागला. तीन रात्री, चार दिवस. खिडकीची खोली घ्यायची की बिनखिडकीची, यावर आठवडा गेला. बिनखिडकीची घ्यायची तर मग घरातच का झोपू नये, असं ती म्हणाली आणि तो वाद संपला. उलट्या होऊ नयेत म्हणून गोळ्या आणल्या. बाहेरचं खाणं नेता येत नाही कळल्यावर तिनं शेंगदाण्याच्या चटणीचा बेत रद्द केला. शेजारची गिताबाई रोज काहीतरी शंका काढायची.

"आन् बुडाली तर गं?"

"तर तुझं उसनं आणलेलं पातेलं माझ्याकडंच राहील."

"तिथं म्हणं बायका नुसत्या चड्डीवर पवत्यात."

"पवू दे की. तुला कुठं कपडं धुवायला लावत्यात?"

बोट तिनं एकदाच पाहिली होती, आठ वर्षांची असताना. तिचे वडील रखमाजी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचे आणि चार महिने कोकणात फिरायचे. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं टोपलीत, मागं बायका-पोरं. जिथं रात्री मेंढरं बसवायची तो वाडा. सकाळी उठून पुढच्या गावी नवा वाडा. एका दिवेलागणीला टेकडीवरून समुद्र दिसला आणि समुद्रावर दिव्यांची रांग सरकताना दिसली. "त्यो बी वाडाच हाय," रखमाजी म्हणाले होते. "पाण्यावरला. त्येस्नी चालावं लागत न्हाई, एवढंच." ती गोष्ट तिनं लग्नानंतर सासरी एकदा सांगितली. मेंढरांमागं फिरलेली म्हणून जावा हसल्या. परत कधी सांगितली नाही.

लग्नाची गोष्टही सांगण्यासारखी नव्हती, पण ती सगळ्यांना माहीत होती. संपतचं लग्न ठरलं होतं शिरूर तालुक्यातल्या एका मुलीशी. ललिता तिचं नाव. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या, मांडवाला विसार दिला होता, पाहुण्यांचे निरोप आले होते. चार दिवस आधी मुलीच्या बापाला सरकारी नोकरीतला जावई मिळाला आणि त्यानं नकार कळवला. संपतच्या आईनं, कुशाबाईनं, रडारड केली नाही. तिनं एका दिवसात रखमाजीचा वाडा शोधून काढला. मुलगी अठराची होती, काळीसावळी, चौथी शिकलेली. रखमाजीला तयारीला पैसाही लागणार नव्हता. तारीख तीच राहिली, मांडवही तोच. नाव काय ठेवायचं, असं भटजींनी विचारलं तेव्हा कुशाबाई म्हणाली, "बदलायचं तर असतंयच. मग पत्रिकेवरलंच ठिवा. परत छापायला नगं, आन् लोकांची तोंडं बी बंद."

ताटात तांदूळ पसरून संपतनं अंगठीनं नाव लिहिलं, ललिता. ते लिहिताना तो थांबला नाही, असं तिला दिसलं होतं.

पुढं बावीस वर्षांनी शाळेत आधारचा कॅम्प लागला. संपतची पहिली पाळी होती, म्हणून ती एकटी गेली. बरोबर तिनं पत्र्याच्या पेटीतला चौथीचा दाखला नेला. कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं, नाव? ती म्हणाली, सोजरा. त्यानं टाइप केलं. एवढंच झालं. नंतर रेशनकार्डाशी नाव जुळेना, तेव्हा तहसीलला दोन फेऱ्या मारून तिनं तेही बदलून घेतलं. रेशनकार्ड घरातच डब्यात असायचं. संपतनं ते कधी उघडून पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराला दोघं तहसील कचेरीसमोर झाडाखाली अफताबच्या टेबलाशी होते. अफताब तिथं वीस वर्षं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे, झाड तेच. भोवती सातबारावाले, दाखलेवाले, दहा-बारा माणसं.

"कोळपेमामा, बसा. दोन मिंटाचं काम हाय," अफताब म्हणाला. मजकूर त्याच्याकडं तयारच होता. त्यानं फक्त नावं भरली, कागद काढला आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवला. "मी, ललिता संपत कोळपे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझ्या आधार कार्डावर माझे नाव नजरचुकीने सोजरा असे नोंदले गेले आहे. ललिता हेच माझे खरे नाव असून..."

"थांबा," ती म्हणाली. "नजरचुकीनं न्हाई झालं."

"आं?"

"म्या सांगितलं म्हणून झालं. त्या पोराची काय चूक न्हाई."

अफताब हसला. "मावशी, ही कागदाची भाषा हाय. समद्यांच्याच कागदात नजरचूक असती. तुमचं कोण वाचतंय?"

"म्या वाचतीय की."

"बरं, ते काढतो. उर्फ टाकू. ललिता उर्फ सोजरा, दोन्ही एकच व्यक्ती. मग तर झालं?"

संपतनं पेन तिच्या हातात दिलं. "कर सही. नोटरीवाला जेवायला जाईल."

"दोन्ही एक न्हाईत," ती म्हणाली.

"काय?"

"ललिता शिक्रापूरला असती. तिथं दिली तिला. चांगली जित्ती हाय. म्या बघितलंय तिला."

संपतनं आजूबाजूला पाहिलं. "हितं काय काढलंस तू हे?"

"शिरूरला तुमच्या मावसभावाच्या लग्नात. पंगत उठत व्हती. कुणीतरी हाक मारली, ललिता! म्या मागं बघितलं. आन् पलीकडं हिरव्या साडीतल्या बाईनं बी बघितलं. गोरी हाय. दात जरा पुढं हायत, पण चांगली दिसती." ती हे सगळं अगदी सावकाश, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "मला तिचं काय न्हाई वाटलं. तिचा काय दोष? पण तुम्ही माझ्या शेजारी हुबं व्हता. तुम्ही कुणाकडं बघितलं?"

"मला काय आठवतंय? सतरा-अठरा वर्षं झाली."

"मला आठवतंय."

रांगेतला एक म्हातारा पुढं सरकला होता, तो ऐकायला थांबला. अफताबनं लॅपटॉपच्या पडद्यात मान घातली.

"आगं पस्तीस वर्षं झाली लगनाला," संपत आवाज दाबून म्हणाला. "पोरगी झाली, तिचं लगीन झालं. तुला काय कमी केलं का? मारलं का कधी? दारू पिऊन आलो का? नाव आईनं ठिवलं. मला काय कळत व्हतं तवा?"

"तुम्ही न्हाईच मारलं. म्या कुठं म्हणतीय?"

"मग?"

"पस्तीस वर्षं हाक तिला मारली, आन् ओ म्या दिली. एवढंच म्हणतीय. आता कागदावर बी तीच म्हणून सही करू?"

प्लांटमध्ये काही बिघडलं की आधी काय बंद करायचं, मग काय उघडायचं, हे ठरलेलं असे. त्यानं घड्याळ पाहिलं. "तुला बोटीवर जायचंय का न्हाई, तेवढं सांग."

"जायचंय."

"मग?"

तिनं पेन कागदावर टेकवलं. खरंच टेकवलं, शाईचा ठिपका उमटलेला अफताबला दिसला. मग तिनं मान वर केली.

"एकदा माझं नाव घ्या," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं. म्या सही करते. त्यात काय बी लिवा, नजरचूक लिवा, करते."

"हितं?"

"हितंच."

संपतनं म्हाताऱ्याकडं पाहिलं, अफताबच्या टकलाकडं पाहिलं. तीन अक्षरांचं नाव होतं आणि कालच त्यानं ते कार्डावर वाचलं होतं. त्याचे ओठ हलले.

"लोकं बघत्यात," तो म्हणाला. "ललिता, उगं तमाशा करू नकोस."

तिनं पेनाला टोपण लावलं, ते अफताबच्या टेबलावर आडवं ठेवलं आणि उठली. "तुमचा कागद वाया गेला," ती अफताबला म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या मावशी."

ती एकटीच सहा आसनी रिक्षात बसून घरी गेली. संपतनं सम्राटला फोन करून सांगितलं, की तब्येतीमुळं जमत नाही.

गल्लीतही त्यानं तब्येतच सांगितली. कंपनीतल्या दोस्तांना काय सांगावं ते ठरेना, म्हणून त्यांचे फोन त्यानं दोन दिवस उचलले नाहीत. धनश्रीनं आईला विचारलं, "आई, खरं काय झालं गं?" आई म्हणाली, "कागद जमला न्हाई."

शुक्रवारी दुपारी तिनं बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवले. नवा पंजाबी ड्रेस होता, धनश्रीनं निवडलेला. तो तिनं घडी मोडून अंगाला लावून पाहिला, आरशात न बघता, आणि पुन्हा घडी घातली. संपत बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसला होता. तीनच्या सुमारास त्याच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. ललिता, तुमचे स्वागत आहे, तुमची सफर आता सुरू होत आहे. खाली जहाजाचं चित्र. त्यानं तो वाचला आणि पुसून टाकला.

त्यानंतर भांडण झालं नाही. चहा वेळेवर मिळत होता, भाकरी गरम मिळत होती. फरक पडला तो इतका बारीक, की गिताबाईलाही कळायला महिना लागला. ती म्हणाली, "तुमच्या घरातनं हल्ली हाक ऐकू येत न्हाई वो भाऊजी." संपतनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जुनं नाव आता त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. दुसरं कधी निघालंच नव्हतं. काही हवं असेल तर तो उठायचा, ती जिथं असेल तिथं जायचा आणि तिचं लक्ष जाईपर्यंत उभा राहायचा.

मे महिन्यात ती गच्चीवर कुरडया घालत होती. खाली धनश्रीचा फोन आला, आईला द्या म्हणाली. संपतचे गुडघे पाळ्यांमध्ये उभं राहून गेलेत. तो जिन्याशी गेला, वर पाहिलं आणि तोंड उघडलं. मग कठडा धरून एकेक पायरी चढू लागला. सतरा पायऱ्या.

वर ती पाठमोरी होती. सोऱ्या फिरवत पांढरं वेटोळं प्लॅस्टिकच्या कागदावर पाडत होती. शेवटच्या पायरीवर तो थांबला, धापा टाकत, मोबाइल पुढं धरून. मोबाइलमधून धनश्री म्हणत होती, "आई? हॅलो, आई?"

त्याच्या पावलांचा आवाज तिला पाचव्या पायरीपासून येत होता. तिनं हातातली कुरडई पुरी केली, आणि शेजारी दुसरी घालायला घेतली.