अकरा कळश्या

"सुगंधा, सागाक पाणी घालीत रव. पण तोंडातून शब्द काढू नको. बोलून दाखवलेला व्रत पावत नाय."

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी पहाटे कळशी उचलताना तो आवाज कानाशी येतो. मामंजी बोटीवर असताना त्यांनी हे व्रत धरलं. होळीपासून पाऊस लागेपर्यंत विहिरीमागच्या सागाला रोज अकरा कळश्या. झाड सुकायचं नाही, दर्यावरचा माणूस सुखरूप यायचा. आता माझा मुलगा निलेश बोटीवर आहे आणि कळश्या माझ्याकडे.

परवा नणंदेची नम्रता आली. झाडाच्या पोटातली वर्षावर्षाची कडी मोजून जुन्या वर्षांचा पाऊस ओळखायचा, हे तिचं काम. पाऊस कमी तर कडं बारीक, बरा तर जाड. गिरमिटाने ती सागातून पेन्सिलीएवढी कांडी काढणार, म्हणून मी आधी झाडाला गंधफूल वाहिलं.

"मामी, सुई टोचूच्या आधी पेशंटाक फुला घालतंस काय गो?" ती हसली. मग म्हणाली, "ह्या झाडाचा जा काय ठावक आसा, ता माका सांगतलंस मा?"

मी "व्हय" म्हटलं, आणि अडकले.

काल संध्याकाळी ती भिंग लावून ओरडली, "मामी, ह्या बघ! ज्या वर्षी थंय आत कट्टा गावाकडच्या सागांचा कडा केसासारख्या बारीक, त्याच वर्षी हेचा सगळ्यात जाड. म्हणजे किनाऱ्यार पाऊस बरो पडलो असतलो. उद्या तसाच लिवन धाडतंय."

तिने मोजून सांगितलं, ते माझ्या लग्नाचं वर्ष. विहीर तळाला गेली होती. मामंजींची पत्रं बंद झाली, म्हणून सासूबाई व्हाळावरून पाणी आणून अकराच्या एकवीस कळश्या ओतत होत्या.

जपाची माळ दोनदा चुकले. खोटं बोलले नव्हते, पण माझ्या गप्प बसण्याने न पडलेला पाऊस कागदावर पडणार होता. बोलावं, तर निलेशचा आठ दिवस फोन नाही. तुळशीपुढे दिवा लावला, वात सारखी करत राहिले.

मग सासूबाईंचे शब्द पुन्हा आठवून पाहिले. त्यांनी तोंडाला बंदी घातली होती. पहाटे लपून जायचं, हे माझं मीच ठरवलेलं.

आज पहाटे गेले नाही. नम्रता दात घासत पडवीत आली, तेव्हा कळशी भरली.

"मामी, पाणी खंय नेतंस?"

कडी मोजणारी पोर, कळश्याही मोजील. मी कळशी कमरेवर घेतली, तिला हाताने 'ये' अशी खूण केली आणि सागाच्या वाटेला लागले.