इंगोले मॅडमची कसोटी

पौषातलं कोवळं ऊन अमरावतीच्या आमच्या वर्गात तिरपं उतरे, आणि त्यात तरंगणाऱ्या खडूच्या धुळीतून इंगोले मॅडमचा खणखणीत स्वर साऱ्या व्हरांड्यात घुमे. विचार म्हणजे जगाची हुबेहूब तसबीर, या समजुतीला त्या सुखाने बसूच देत नसत. फलप्रामाण्यवादाने आधुनिक तत्त्वज्ञानाला सिंहासनावरून उतरवून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आणलं. मग विज्ञान असो, भाषा असो की लोकशाही, प्रत्येक सत्याला परिणामांच्या कसोटीला उतरावंच लागलं, हे सांगताना त्यांची मुद्रा अशी उजळे की बस! पण ऐकायला आम्ही मोजकेच होतो.

म्हणून कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा विभाग बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. शेवटचं पाहून घ्यायला संस्थेचे अध्यक्ष वर्गात आले. संत्र्याचे मोठे बागाईतदार, जिभेचे तिखट. "मॅडम, हे शिकून पोट्ट्यायले उपयोग काय?"

आम्ही वह्या मिटल्या. मॅडम मात्र हसल्या. "बसा साहेब. हा प्रश्न आमचाच आहे."

अचलपूरच्या वैशालीला त्यांनी बोलतं केलं. झाडांना फूल यावं म्हणून तिच्या घरी बागेचं पाणी तोडलं होतं. आमच्याकडे त्याला ताण देणं म्हणतात. ती म्हणाली, "पानं सुकून राहिले, मॅडम. बाबा म्हणते, अजून थांबा. काका म्हणते, पाणी सोडा, नाही त झाड जाईन. खरं कोनाचं?"

"छातीठोक बोलल्यानं कुणी खरं ठरत नाही. काही ओळींना पाणी द्या, काहींना थांबवा. निकाल झाडं देतील."

"अवो, पन जमीन कशी हाय ते त इचारा!" अध्यक्ष ताडकन उठले. "काळ्यात ताण बसाले येळ लागते, मुरमाडात लवकर बसते. एकाचं खरं दुसऱ्याच्या वावरात चालत नाही!" आणि खडू घेऊन ते फळ्यावर बाग काढू लागले.

"साहेब, तुम्ही आता तत्त्वज्ञानच करून राहिले ना!" मॅडम म्हणाल्या.

वर्ग हसून दणाणला. अध्यक्षही हसले, आणि तास संपेपर्यंत आमच्याशी कडकडून भांडले. विभाग राहिला. जिंकलो, बाप्पा, जिंकलो!

मॅडम आता नाहीत. मी अकोल्यात तोच विषय शिकवतो. वर्ग भरलेला असतो आणि पोरं मलाच धारेवर धरतात. काळ माणसाला नेतो म्हणतात. पण माणूस गेलं हे तरी खरं कशावरून मानायचं? त्याच्या नसण्याने जे थांबतं, त्यावरून. इथे काहीच थांबलेलं नाही. आणि मॅडम, तुमच्याच शास्त्राने सांगतो, तुमच्या जाण्याचा पुरावा मला अजून सापडलेला नाही.