टोकाची ॲक्शन

"अहो, रॉड घ्यायचाय का मुलगी द्यायचीय?" लतिका म्हणाली.

ती दुकानात विकायला ठेवलेल्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. यशवंत खांबेटे काउंटरच्या कडेला मासे पकडायचा एक रॉड दाबून धरून उभा होता. रॉडच्या टोकाला त्याने सुतळीने पाण्याची बाटली टांगली होती आणि रॉड नेमका कुठून वाकतो ते तो एक डोळा मिटून बघत होता. हा चौथा रॉड. विक्रेता लांबून पाहत होता. गिऱ्हाईक काहीतरी शास्त्रीय करत असेल तर जर्मनीत त्याला अडवत नाहीत.

"बार्शचं तोंड मऊ असतं," यशवंत म्हणाला. "रॉड कडक असला की हिसक्यासरशी तोंड फाटतं, मासा जातो. त्याला मधून वाकणारा, जरा समजूतदार रॉड लागतो. झांडरचं उलटं. त्याचं तोंड म्हणजे नुसतं हाड. तिथे फक्त टोकाला वाकणारा आणि खाली ताठ असा पाहिजे, नाहीतर गळ रुततच नाही."

"आणि ब्रिंकमनचं तोंड कसं आहे?"

खरा प्रश्न तोच होता.

ब्रिंकमन हा त्याचा डिपार्टमेंटप्रमुख. ड्युसेलडॉर्फच्या ज्या कंपनीत यशवंत चौदा वर्षं पॅकिंगच्या यंत्रांची डिझाइनं करत होता, तिने ते अख्खं डिझाइन डिपार्टमेंट चाकणला हलवायचं ठरवलं होतं. यशवंत चिंचवडचा. तो नोकरीसाठी तिकडून इकडे आला होता आणि आता नोकरी इकडून तिकडे निघाली होती. अशी चुकामूक साधारण जत्रेत होते. चाकणशी बोलायला इथे चार-पाच माणसं ठेवणार होते, आणि कोणाला ठेवायचं ते ब्रिंकमनच्या हातात होतं. यशवंत त्रेपन्नाचा होता. या वयात त्याला दुसरीकडे कोणी घेणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि लतिकालाही माहीत होतं. म्हणून घरात तेवढा एक विषय सोडून बाकी सगळ्या विषयांवर भांडण होत असे.

अशातच मार्चमध्ये, कँटीनच्या रांगेत, ब्रिंकमनने मागून विचारलं होतं, "आंगेल्न झी, हेर काम्बेटे?"

म्हणजे, तुम्ही मासे पकडता का. पण पुढे कोणाचा तरी ट्रे आपटला आणि यशवंतला ऐकू आलं 'इंग्लिश'. चाकणशी इंग्लिशमध्येच बोलावं लागणार, हे तो महिनाभर मनात घोळवत होता.

"जा, जा," तो म्हणाला. "फ्लीसेंड."

फ्लीसेंड म्हणजे अस्खलित. त्याचा दुसरा अर्थ वाहतं. ब्रिंकमनच्या भुवया वर गेल्या.

"वाहत्या पाण्यात? वा. मी आपला तलावावरच जातो. ऑक्टोबरात या एकदा माझ्याबरोबर. बार्श बघू."

ट्रेमधल्या बटाट्यांकडे बघत यशवंत जा म्हणाला. जर्मनीत जा म्हणजे हो. पहिलं वर्षभर मीटिंगमध्ये कोणी जा म्हटलं की त्याला खुर्ची मागे सरकवावीशी वाटे. पुढे सवय झाली आणि तोही वाक्यावाक्याला जा म्हणायला लागला. समोरचा कधीच जात नसे.

घरी येऊन त्याने झालेला घोटाळा सांगितला. लतिका म्हणाली, "मग सांगा त्याला उद्या, ऐकण्यात चूक झाली म्हणून."

"बॉस स्वतःहून बोलावतोय, लतिका. तीस जणांत एकट्या मला."

तिच्याही मनात तेच आलं होतं: ज्याला काढायचं, त्याला कोण सहलीला नेतं?

जर्मनीत परीक्षा दिल्याशिवाय मासा पकडता येत नाही. ज्या माणसाने जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, त्याने उन्हाळाभर माशांचे पर, खवले आणि मूत्रपिंडं पाठ केली. ती दहावीच्या पद्धतीने केली, प्रश्न न वाचता फक्त उत्तराचं अक्षर. बर्लिनला शिकणारी त्यांची मुलगी वैभवी फोनवरून त्याला प्रश्न विचारायची. मासा मारायचा कसा, या प्रश्नाचं उत्तर ब होतं: आधी डोक्यात, मग काळजात. तो पास झाला. लतिकाने शिरा केला.

रॉडचा अभ्यास मात्र त्याने मन लावून केला, कारण रॉड म्हणजे शेवटी एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला वाकणारी तुळई, आणि त्याचं अख्खं आयुष्य तसल्या तुळयांवर गेलं होतं. अमेरिकन लोकांनी वॉलाय आणि बास या माशांसाठी रॉड कसा निवडावा यावर अफाट लिहून ठेवलं आहे. वॉलाय हा झांडरचा तिकडचा चुलतभाऊ, हे बरोबर होतं. बास म्हणजे बार्श, हे त्याने नावावरून ठरवलं आणि ते साफ चूक होतं. होडीतून आखूड रॉड, काठावरून लांब. ब्रिंकमन काठावर उभा राहतो, म्हणून नऊ फुटी. रोज जेवताना तो बास, बास करायचा आणि लतिका वाढायची थांबायची.

तर दुकानात चौथा रॉड पसंत पडला होता. मऊ, मधून वाकणारा, बार्शसाठी अगदी बेतलेला. तो घेऊन पैसे द्यायला जाताना यशवंतला भिंतीवर दुसरा रॉड दिसला. त्याखाली लाल अक्षरांत पाटी होती: श्पिट्झेनआक्त्सिऑन.

आक्त्सिऑन हा शब्द चौदा वर्षं दर शनिवारी त्यांच्या टपालपेटीत येत होता. बटाटे आक्त्सिऑन, साबण आक्त्सिऑन. आक्त्सिऑन म्हणजे सेल. श्पिट्झे म्हणजे एक नंबर.

"एक नंबर सेल लागलाय," तो लतिकाला हळूच म्हणाला. दुसऱ्या कोणी ऐकलं तर रॉड जायचा.

"बाटली लावून बघा आधी."

"दुकान बंद करतायत." त्याने विक्रेत्याला खात्रीसाठी विचारलं, "श्पिट्झेनआक्त्सिऑन?"

"जा, अब्सोलूट," विक्रेता म्हणाला आणि दिवे मालवू लागला.

घरी येऊन त्याने वैभवीला व्हिडिओ कॉलवर रॉड दाखवला आणि पाटीचंही सांगितलं. ती पडद्याच्या बाहेर गेली, आणि बाहेरून तिचं हसणं ऐकू आलं.

"पापा, नाइन," ती परत येऊन म्हणाली. "दस इस्ट दोख काइन आंगेबोट."

ऑफर नव्हे. श्पिट्झे म्हणजे टोक. टोकाची ॲक्शन. टोकालाच वाकणारा, खाली ताठ, कडक रॉड. म्हणजे झांडरचा. ज्याने बार्शचं तोंड फाटतं, नेमका तो.

"सकाळी सहाला निघायचंय," यशवंत म्हणाला.

"मग न्या हाच," लतिका म्हणाली. "नाहीतरी तुम्हाला मासा कुठे मिळायला हवाय?"

हे मात्र खरं होतं. त्याला मासा नको होता, नोकरी हवी होती.

तलाव शहराबाहेर, जुन्या खडीच्या खाणीत पाणी भरून झालेला. धुकं होतं. ब्रिंकमनने थर्मासमधली कॉफी दिली, हवेबद्दल बोलला, मग तासभर गळ टाकत राहिला. यशवंतने गळाला रबरी मासा लावला होता. आमिषसुद्धा शाकाहारी आहे, याचं त्याला बरं वाटत होतं. तो रबरी मासा लांब फेकायचा, तळाला जाऊ द्यायचा आणि हळूहळू ओढून घ्यायचा. रॉड खरंच चांगला होता. तळातला दगडन् दगड टोकातून मनगटात येत होता. ब्रिंकमनला काही लागत नव्हतं आणि यशवंत मनातल्या मनात त्याच्यासाठी एका मध्यम बार्शची प्रार्थना करत होता.

तेवढ्यात टोकाला टक् झालं.

हात आपोआप वर गेला. मऊ रॉड असता तर नुसता वाकून राहिला असता. हा वाकला नाही, आणि खाली कुठेतरी गळ हाडात बसला. बराच वेळ ओढाताण झाली. ब्रिंकमन जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला आणि त्याने वर काढला तो झांडर, हातभर लांब, काचेच्या डोळ्यांचा. तो गवतावर पडून यशवंतकडे बघू लागला.

साहेबापेक्षा मोठा मासा पकडू नये हे परीक्षेच्या पुस्तकात नव्हतं, पण यशवंतला ते चिंचवडपासून माहीत होतं.

"लहान आहे," तो घाईने म्हणाला. "सोडून देऊ."

ब्रिंकमनने टेप लावली. "अजिबात लहान नाही."

"तरी सोडू."

"सोडता येत नाही, हेर काम्बेटे. परीक्षेत असेल तुम्हाला. मापात बसणारा मासा गंमत म्हणून पकडायचा आणि सोडायचा, हा प्राण्याचा छळ झाला. काहीतरी सबळ कारण लागतं."

"मी शाकाहारी आहे."

ब्रिंकमनने त्याच्याकडे पाहिलं. "मग तुम्ही मासे का पकडता?"

उन्हाळाभर यशवंतने शेकडो प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. हा त्यात नव्हता.

"छंद," तो म्हणाला.

ब्रिंकमनचा चेहरा मोकळा झाला. तो आपल्या खोक्यावर बसला आणि त्याने यशवंतलाही बसायची खूण केली.

"आल्झो, ते बरं झालं. मला सोमवारी ऑफिसात, टेबलापलीकडून सांगायचं नव्हतं. शेवटी एका जागेवर दोघं उरले होतात, तुम्ही आणि वेबर. वय सारखं, नोकरीची वर्षं सारखी. सगळे गुण सारखे. मी चार रात्री झोपलो नाही. आम्हा प्रमुखांना त्यांनी एक सेमिनार दिला होता. ज्यांना छंद असतो ना, ती माणसं यातून सावरतात. वेबरला बिचाऱ्याला काहीच नाही हो. ना बायको, ना बाग. त्याला काढणं मला माणुसकीला धरून वाटेना. आणि तुम्ही तर वाहत्या पाण्यातसुद्धा..." तो थांबला. "सोमवारपासून तुम्ही फ्रायगेश्टेल्ट. पगार वर्षअखेरपर्यंत येईल. यायची गरज नाही."

फ्रायगेश्टेल्ट म्हणजे मोकळा सोडलेला. त्याला सबळ कारण लागतं का, हे यशवंतने विचारलं नाही.

वेबर त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि डबा उघडताना रोज एकट्यालाच 'गुटन अपेटीट' म्हणायचा. यशवंतच्या जिभेवर वाक्य तयार होतं: साहेब, मार्चमध्ये मला वाटलं तुम्ही इंग्लिश येतं का विचारताय. मला कसलाही छंद नाही. जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि त्या क्रियापदाच्या जागी वेबर डबा घेऊन बसलेला त्याला दिसला. त्याने वाक्य गिळलं.

"जा," ब्रिंकमन सुस्कारा सोडून म्हणाला.

इतक्या वर्षांनी पुन्हा त्याला तो शब्द मराठीत ऐकू आला.

मासा अजून तोंड उघडत-मिटत होता. यशवंतने ब्रिंकमनच्या खोक्याशेजारचं लाकडी टिपरू उचललं. उत्तर ब. आधी डोक्यात, मग काळजात.

"झाउबर," ब्रिंकमन म्हणाला. म्हणजे स्वच्छ. चौदा वर्षांत त्याने यशवंतच्या कुठल्याही डिझाइनला हा शब्द वापरला नव्हता.

लतिकाने दार उघडलं तेव्हा यशवंतच्या एका हातात रॉड होता आणि दुसऱ्या हातात पिशवी.

"काय झालं?"

"सोडलं."

"माशाला?"

"मला. माशाला सोडता येत नाही इथे."

ती पिशवीकडे बघत राहिली. मग तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि शेजारच्या पोर्तुगीज आजीकडे देऊन आली. आजीला फार आनंद झाला. पुन्हा मिळेल का, म्हणून तिने विचारलं होतं.

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? जा म्हटलं."

दोघांपैकी कोणी हसलं नाही. वैभवीचा फोन आला, तो कोणी उचलला नाही.

सोमवारी तो नेहमीच्या वेळेला उठला. लतिकाने पोळ्या लाटल्या, डबा भरला आणि दाराजवळच्या स्टुलावर ठेवला, जिथे ती रोज ठेवायची. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. डबा घेतला, आणि कोपऱ्यातला रॉडही घेतला.

ऱ्हाइनच्या काठावर, पुलाच्या जरा पुढे, तो उभा राहिला. त्याने दोरीला नुसतं शिसं बांधलं. गळ लावला नाही, रबरी मासा लावला नाही. फेकलं, तळाला जाऊ दिलं, आणि ओढू लागला. पाणी वाहतं होतं. टोकाला दगड लागले, रेती लागली, पुन्हा दगड लागले. मनगटात सगळं नीट येत होतं.

कुत्रा फिरवणारा एक म्हातारा मागे येऊन थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"काही लागतंय का?"

यशवंतने टोकावरची नजर हलवली नाही.

"जा," तो म्हणाला.

म्हातारा मान डोलावून, कुत्र्याला घेऊन, निघून गेला.