खोट्या दगडाचा मणी

मित्रांनो, मला तळहातावर घेतलेत तर तुम्ही म्हणाल, काय सुरेख दगड आहे! हिरवा रंग, त्यात काळपट हिरव्या लाटा, कडेला एक पुसट पांढरी रेघ. पण फसू नका. मी एक जुना मणी आहे खरा, मात्र दगडाचा नाही. मी रेझिनचा आहे. दगड घडायला म्हणे लाखो वर्षे लागतात. मी एका रविवारच्या दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी जन्माला आलो.

मला घडवणारी बाई कवळ्या बनवण्याचे काम करीत असे. घरात ती आणि तिचे बाबा, दोघेच. आई वारली होती आणि थोरली बहीण नोकरीसाठी परदेशी गेली होती. आईच्या गळ्यात जन्मभर एक हिरवा मणी होता, अस्सल दगडाचा. मुलींना ताप आला की ती तो गार मणी त्यांच्या कपाळावर धरायची. वारण्यापूर्वी तिने तो थोरलीला दिला. धाकटीलाही तो हवा होता, पण ती कधी बोलली नाही. मागून घ्यायची तिला सवयच नव्हती.

थोरली गेली आणि हळूहळू तिचे फोन आखडले. यायचे, पण नुसता आवाज. चेहरा दाखव म्हटले की कधी कॅमेरा बिघडलेला, कधी नेट नाही. बाबा म्हणत, कामात असेल. एकदा कपाट आवरताना तिला आईचा एक फोटो सापडला. त्यात तो मणी अगदी स्पष्ट दिसत होता. तो पाहता पाहता तिच्या मनाने घेतले, की हा आपण करायचा.

हातात कसब होतेच. तिने मेणाचा मणी कोरला आणि त्यावरून साचा घेतला. मग रेझिन आणि ते घट्ट करणारा दुसरा द्रव मोजून कालवले. माझ्या आधी तिघे झाले. पहिला चिकटच राहिला. दुसऱ्याच्या पोटात इतके बुडबुडे, की सोडावॉटर गोठल्यासारखे वाटावे. तिसरा इतका गुळगुळीत आणि नेटका निघाला, की बाबा म्हणाले, हा बटण म्हणून शर्टाला लाव. चौथा मी. या वेळी तिने चार हिरवे रंग चार वाट्यांत केले, एकावर एक पातळ ओतले आणि दात कोरायच्या काडीने हलकेच एक लाट ओढली. ती काडी ओढताना तिने श्वास धरला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला साच्यातून सोडवले, पाण्याखाली धरून बारीक पॉलिश पेपरने घासले आणि बाबांच्या हातावर ठेवले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी मला नुसते चाचपले.

"तिचा याहून जड होता," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी मला परत दिले नाही.

मग सहा वर्षे मी धाकटीच्या गळ्यात राहिलो. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस! ती दातांवर वाकून काम करायची तेव्हा मी टेबलावर टकटक वाजायचो. विचारात असली की ती मला दोन बोटांत धरून फिरवायची. कारखान्यात बायका विचारायच्या, खरा आहे का ग? ती हसून विषय बदलायची. मला वाटे, तिला माझी लाज वाटत असावी. पण एक गोष्ट मला कळत होती. माझ्यावरून बोट फिरवताना ती आठवत असे ती आईला नव्हे, ताईला.

पुढे बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाली आणि त्यांनी पहिली मागणी केली, की आता दिसायला लागलंय तर थोरलीला दाखव. यापुढे थोरलीचे कोणतेच निमित्त चालण्यासारखे नव्हते. फोन लागला, चेहरा दिसला. केस पांढरे झाले होते. बाबा डोळे भरून पाहत राहिले. पण थोरली त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती धाकटीच्या गळ्याकडे.

"छोटे," ती म्हणाली, "तो तुला कुठे सापडला?"

"काय सापडलं?"

"आईचा मणी."

धाकटीला काही उमगेना. तिने मला मुठीत धरले.

"ताई, आईचा मणी तुझ्याकडे आहे ना?"

मग सगळे बाहेर आले. परदेशात पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात थोरली बसमधून उतरली आणि गळ्याशी हात गेला, तर नुसता दोरा. महिनाभर ती रोज संध्याकाळी त्या बसच्या आगारात जाऊन चौकशी करीत असे. तिथल्या लोकांना तिचा चेहरा पाठ झाला होता. मणी काही मिळाला नाही. घरी सांगायचे कसे? आज सांगू, उद्या सांगू असे करता करता दिवस गेले आणि गळा दिसू नये म्हणून चेहराही दाखवायचा नाही असे होऊन बसले. मला पाहून तिला क्षणभर वाटले होते, की मणी घरीच राहिला असावा आणि आपण उगाच इतकी वर्षे झुरलो.

"हा तो नाही ग," धाकटी म्हणाली. "हा मी केलाय. तू बोलेनाशी झालीस म्हणून."

बाबा चष्मा पुसत होते. ते एवढेच म्हणाले, "दगडासाठी नऊ वर्षं तोंड लपवलंस होय?"

त्यानंतरच्या रविवारी धाकटीने थोरलीसाठी नवा मणी करायला घेतला. पाच वेळा ओतला. पण माझ्यासारखी लाट काही पुन्हा ओढली गेली नाही. शेवटी तिने मलाच गळ्यातून काढले, कापसात गुंडाळले आणि डबीत घालून पाठवून दिले. डबी बंद होताना तिचे बोट एकदा माझ्यावरून फिरले. ते अजून आठवते.

इथे परदेशात थोरलीने डबी उघडली तेव्हा डोळे मिटून मला कपाळाला लावले. दगडाचा गारवा माझ्यात कुठून येणार? मी ओशाळलो. पण तिने मला बाजूला ठेवले नाही. उलट नवा, जाड दोरा आणून मला दोन गाठी मारून ओवले. परवा तिच्या कचेरीतल्या एकीने विचारले, खरा दगड आहे का? थोरली म्हणाली, "नाही. माझ्या बहिणीने केलाय." आणि कोणी विचारले नसताना तिने पहिल्यापासूनची सगळी हकिगत सांगितली.

मित्रांनो, माझ्या जातीचा मणी तुमच्याकडे असेल तर त्याला उन्हात टाकू नका, आम्ही पिवळे पडतो. अत्तर लावून झाल्यावरच गळ्यात घाला. मऊ फडक्याने पुसा. आणि घरची एखादी वस्तू तुमच्या हातून हरवली, तर ती शोधायला जाण्याआधी घरी फोन करा.

आता रोज सायंकाळी फोनवर मला धाकटी दिसते. तिचा गळा मोकळा असतो. बोलता बोलता तिची दोन बोटे तिथे जातात आणि काही न सापडून खाली येतात. ते पाहवत नाही. थोरलीने रजा टाकली आहे, तिकीटही काढले आहे. मला बोलता आले असते तर मी तिला एवढेच सांगितले असते, की बाई ग, मला बॅगेत भरू नकोस. गळ्यात घालून ने. धाकटी दार उघडेल तेव्हा मला तिला पाहायचे आहे.